तीन महिन्यांचा कागद

विदेशी नागरिकांच्या कचेरीत मी पहिल्यांदा गेले ती २०१६ साली, माझ्या स्वतःच्या कामासाठी. सोलापूरहून दक्षिण जर्मनीतल्या या शहरात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. कंपनीनं फाइल व्यवस्थित लावून दिली होती: नोकरीचं पत्र, पगाराचा आकडा, इंजिनीअरिंगची पदवी, घरभाड्याचा करार. वीस मिनिटांत मुलाखत आटोपली. टेबलापलीकडच्या बाईंनी हात मिळवला, ‘जर्मनीत स्वागत’ म्हणाल्या. ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) एकवीस महिने काम झालं, जर्मनची बी-१ ही मधल्या पातळीची परीक्षा झाली आणि त्याच मजल्यावर मला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. त्या संध्याकाळी मी घरी पुरणपोळ्या केल्या.

त्याच पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दार आहे. बाहेर लोखंडी खुर्च्यांची रांग आणि एक सुरक्षारक्षक. पाच वर्षं त्या इमारतीत माझं जाणं-येणं होतं, पण त्या दारासमोर बसलेली माणसं कोण आणि कशासाठी ताटकळतात, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. पुढे त्याच खुर्च्यांवर मी तीन वर्षं हजेरी लावली. हे त्याबद्दल.

२०२१च्या शरद ऋतूत आमच्या भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये आम्ही काहीजण निर्वासितांच्या मुलांचा अभ्यास घ्यायला लागलो. माझ्याकडे गणित होतं. अकरा वर्षांची एक मुलगी पहिल्याच दिवशी माझ्याकडे टक लावून बघत बसली आणि म्हणाली, “तू पण रोमा आहेस का?” (रोमा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेला समाज.) मी म्हटलं, नाही, मी भारतातली. तर म्हणाली, “आई म्हणते, आपण पण तिकडूनच आलो. फार पूर्वी.” मग तिनं मला आकडे म्हणून दाखवले. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. तिथून दहापर्यंत जाताना सात, आठ, नऊ मला अनोळखी वाटले (ते वाटेत ग्रीक भाषेतून आलेले, हे नंतर वाचलं), पण शेवटी दहाला ‘देश’ म्हणाली आणि मला दश ऐकू आलं.

महिनाभरानं तिच्या आईनं विचारलं, कचेरीत माझ्याबरोबर येशील का? दर तीन महिन्यांनी जावं लागायचं आणि दुभाषी म्हणून थोरली शाळा बुडवायची. तेवढं टळावं, एवढीच तिची इच्छा होती. जर्मन कायद्यात सोबत्याची सोय आहे. सरकारी कचेरीत कुणीही आपल्याबरोबर एक माणूस नेऊ शकतो. कायद्याचा सल्ला द्यायचा अधिकार मला नव्हता. ते काम सल्ला केंद्रातल्या एका वकीलबाईंचं. मी शेजारी बसायचं, ऐकायचं, लिहून घ्यायचं.

तिचं नाव इथे लिहीत नाही. ती मला ‘फेन’ म्हणायची, म्हणजे बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला ताई म्हणतात, असं एकदा सांगितलं. तेव्हापासून ताईच म्हणते.

पहिल्या खेपेला सकाळी सव्वासातला आम्ही रांगेत होतो. नंबर लागला साडेदहाला. आत गेल्यावर माणसानं वर न बघता जुना कागद मागितला, शिक्का मारला, नवीन छापला, खिडकीतून सरकवला. बाहेर आल्यावर तो कागद मी पहिल्यांदा नीट पाहिला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल तिरकी रेघ. वर मोठ्या अक्षरांत डुल्डुंग. या शब्दाला मराठीत सरळ शब्द आहे, खपवून घेणं. तुम्हाला इथे राहायचा हक्क नाही, पण सध्या हाकलता येत नाही म्हणून खपवून घेतोय. खाली छापलेलं होतं, हा वास्तव्याचा परवाना नाही, हा कागद बाळगणाऱ्यानं देश सोडणं बंधनकारक आहे. त्याखाली, ओळख न पटलेली व्यक्ती. त्याखाली, काम करण्यास मनाई.

मी विचारलं, हे थोरली तुला वाचून दाखवायची? ती म्हणाली, “पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिला तो मोठा शब्द येत नव्हता. तिनं सांगितलं, आई, इथे लिहिलंय की आपण जाणारी माणसं आहोत.”

आता ती कुठून आली ते सांगायला हवं, कारण ते समजल्याशिवाय पुढच्या कागदांचा अर्थ लागत नाही.

आग्नेय युरोपातल्या कोसोवोच्या उत्तर भागात मिट्रोव्हिट्सा हे गाव आहे. इबार नदीच्या दक्षिण काठावर तिथे रोमा लोकांची मोठी वस्ती होती. तिला महाला म्हणायचे. आपला मोहल्ला तोच. सुमारे ८,००० माणसं राहत होती. जून १९९९मध्ये युद्ध संपलं, सर्बियाचं सैन्य माघारी गेलं, परतलेल्या, तिथे बहुसंख्य असलेल्या अल्बेनियन लोकांच्या रागाचे धनी रोमा ठरले आणि अख्खी महाला लुटून जाळली गेली. ही तेव्हा आठ वर्षांची होती. तिला आठवतं ते एवढंच की आईनं पिठाचा डबा उचलला होता आणि पुलावर तो हातातून पडला.

संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनानं त्यांना छावण्यांत नेलं. छावण्या उभ्या केल्या त्या ट्रेपचाच्या शिसं-जस्ताच्या खाणीच्या राखेच्या ढिगांजवळ. ४५ दिवस राहायचं आहे, असं सांगितलं होतं. ती तिथे एकोणीस वर्षांची होईपर्यंत राहिली. मुलांच्या रक्तात शिसं सापडत होतं, जागतिक आरोग्य संघटनेनं २००४ सालीच वस्ती हलवा म्हणून सांगितलं होतं, तरी वर्षं गेली. २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच मानवी हक्क सल्लागार मंडळानं यात आपल्या प्रशासनाची जबाबदारी मानली. पुढच्या वर्षी महासचिवांनी खेद व्यक्त केला आणि एक निधी जाहीर केला. वैयक्तिक भरपाई मात्र नाही. हे सगळं तिला माहीत नव्हतं. माझ्या फोनवर वाचून मी तिला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “खेळायला ती राख छान मऊ होती.”

२०१५च्या फेब्रुवारीत नवरा, चार वर्षांची थोरली आणि तान्हा मुलगा अशी ती जर्मनीत आली. त्या हिवाळ्यात कोसोवोतून माणसांचा लोंढाच आला होता. मार्चमध्ये आश्रयाच्या अर्जाची मुलाखत झाली. त्या मुलाखतीची प्रत तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, ती मी वाचली. चाळीस मिनिटं. दुभाषी अल्बेनियन भाषेचा. हिची घरची भाषा रोमानी, छावणीतली शाळा सर्बियन. अल्बेनियन बाजारापुरती येते. भाषा चालेल का विचारलं तेव्हा ती हो म्हणाली, कारण नाही म्हटलं तर परत पाठवतील असं तिला वाटलं. अकरा वर्षांच्या छावणीबद्दल त्या प्रतीत दोन ओळी आहेत: आम्ही आधी छावणीत राहत होतो. तिथे लोक आजारी पडायचे. परत गेल्यास काय होईल, या प्रश्नाला उत्तर: तिथे आमचं घर नाही.

निकाल पिवळ्या पाकिटात आला. जर्मनीत पिवळं पाकीट म्हणजे सरकारी बजावणी. ते पेटीत टाकलं ती तारीख पोस्टमन पाकिटावरच लिहितो आणि मुदत तिथून मोजायची. अर्ज ‘उघडउघड निराधार’ ठरला होता. घर नाकारणं, नोकरी नाकारणं, मुलांना शाळेत मागच्या बाकावर बसवणं हा भेदभाव आहे, पण छळ नाही, असा साधारण युक्तिवाद. असा शिक्का बसला की कोर्टात जायला दोन आठवड्यांऐवजी एकच आठवडा मिळतो. मागच्या पानावर तशी सूचना अल्बेनियनमध्ये होती. नवऱ्याला वाचता येत नाही. हिला ती भाषा वाचता येत नाही. पत्र समजावून सांगणारं माणूस भेटलं ते नवव्या दिवशी.

पिवळं पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख जपा. कुणाला सोबत करत असाल तर एवढं एक लक्षात ठेवा.

तेव्हापासून २०२१पर्यंत त्यांना परत पाठवलं गेलं नाही, कारण पासपोर्ट नव्हते. मग मधल्या मुलाचं ऑपरेशन झालं, मग करोना आला. आणि पासपोर्ट नसणं हाच त्यांचा गुन्हा ठरला. ऑगस्ट २०१९पासून ज्यांची ओळख पटत नाही त्यांच्यासाठी वेगळा, आणखी खालच्या दर्जाचा डुल्डुंग निघाला. त्यावर काम करता येत नाही. काम नाही म्हणून कमाई नाही, कमाई नाही म्हणून परवाना नाही, आणि या कागदावर काढलेली वर्षं राहण्याच्या हिशोबात धरली जात नाहीत. पुन्हा, आपण होऊन पासपोर्ट काढला तर परत पाठवणं सोपं होणार, ही भीती. मी रोज कोड लिहिते, त्यामुळे बाहेर पडायची अट नसलेला लूप मला लगेच ओळखू येतो. इथे त्या लूपमध्ये पाच माणसं होती. धाकटी तर इथेच जन्मलेली.

पाच नव्हे, सहा. नवऱ्याची आईही त्यांच्यातच होती. मुलं तिला ‘मामी’ म्हणतात. रोमानीत मामी म्हणजे आजी. मीही मामीच म्हणते.

त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या, निर्वासितांच्या वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर. फ्रिजवर त्यांचा झेंडा चिकटवलेला: वर निळा, खाली हिरवा, मध्ये लाल चाक. १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेत तो ठरला. चाकाला सोळा आरे, आपल्या चक्राचे चोवीस. आणि दाराशेजारी एक निळी प्रवासी बॅग, कायम भरलेली. पहिल्यांदा मला वाटलं कुठे निघालेत. मग कळलं. परत पाठवायचा दिवस आधी सांगायचा नाही, असं २०१५च्या ऑक्टोबरपासून कायद्यातच आहे. पोलीस पहाटे येतात. समोरच्या खोलीतल्या कुटुंबाला पहाटे चारला नेलं, तेव्हा त्यांच्या मुलाची शाळेची वही हॉलमध्ये पडलेली थोरलीनं पाहिली होती. त्यानंतर ही तीनही मुलांना मोजे घालून झोपवायची. दर दोन-तीन महिन्यांनी बॅग उघडायची, लहान झालेले कपडे काढायची, वाढत्या मापाचे भरायची.

एका कोर्टाच्या निकालाबद्दल मला इथे बोलायचं आहे. आश्रय मागणाऱ्यांना मिळणारी मदत १९९३च्या कायद्यानं ठरते, आणि तिचे आकडे जवळजवळ वीस वर्षं वाढवलेच नव्हते. १८ जुलै २०१२ला इथल्या घटना न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं आणि म्हटलं की माणसाच्या प्रतिष्ठेचं मोल स्थलांतराच्या धोरणासाठी कमीजास्त करता येत नाही. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. मधल्या मुलाची दाढ दुखायला लागली तेव्हा आम्ही दंतवैद्याकडे गेलो. आई बोट दाखवून ‘दांद, दांद’ म्हणत होती. मला भाषांतराची गरजच पडली नाही. पण त्यांच्या दर्जाच्या माणसांना उपचार मिळतात ते तीव्र आजार आणि दुखण्यापुरते. दाढ वाचवायची तर त्यासाठी वेगळी मंजुरी लागते, काढायला लागत नाही. मंजुरी चार आठवड्यांत आली नाही. मुलगा रात्री रडायचा. शेवटी दाढ काढली. सात वर्षांच्या पोराची, नुकतीच आलेली, कायमची दाढ. ते वाक्य आणि ती दाढ एकाच देशातली आहेत, आणि मला ते अजून गिळता येत नाही.

सोलापूरची मी. आमच्याकडे सेटलमेंट नावाची वस्ती आहे. इंग्रजांनी १८७१मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो आपल्याकडेही लागू केला, आणि पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची माणसं तारेच्या कुंपणात आणून ठेवली. जन्मानंच गुन्हेगार. रोजची हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, तार गेली, नाव राहिलं. माझ्या लहानपणी दारावर पारधीण आली की आजी मला आत ओढायची आणि अंगणातली भांडी मोजायची. मीही मोजायचे. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

हायडेलबर्गला जर्मन सिंती (जर्मनीत फार पूर्वीपासून राहणारे रोमांचे भाऊबंद) आणि रोमा लोकांचं दस्तऐवज केंद्र आहे. २०२२च्या उन्हाळ्यात एका रविवारी मी एकटीच गेले. तिथे पाहिलं की म्युनिकच्या पोलिसांनी १८९९मध्ये या लोकांची नोंद ठेवणारं खास कार्यालय काढलं होतं. १९२६मध्ये बव्हेरियानं भटक्यांविरुद्ध कायदा केला. नाझींच्या आधीच माणसं कार्डांवर चढली होती. नाझींना ती कार्डं नुसती उचलायची होती. युरोपभरात मारल्या गेलेल्या सिंती आणि रोमांचा अंदाज पाच लाखांपर्यंत जातो. २ ऑगस्ट १९४४च्या रात्री एकट्या आउश्विट्झमध्ये चार हजारांवर माणसं वायुकोठडीत घातली, बहुतेक म्हातारी, बायका आणि मुलं. आणि युद्धानंतर? १९५६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की १९४३च्या आधीची कारवाई वंशद्वेषातून नव्हती, त्यांच्या स्वभावामुळे होती, भरपाई नाही. तो वंशसंहार होता हे सरकारनं मानायला १९८२ उजाडलं. बाहेर येऊन मी पायऱ्यांवर बसले. मला आजीनं मोजलेली भांडी आठवत होती, आणि दर तीन महिन्यांची ती खिडकी. हजेरीच ती.

२०२२ संपता संपता वकीलबाईंचा फोन आला. ३१ डिसेंबरपासून नवीन कायदा लागू होत होता. ३१ ऑक्टोबर २०२२ला जर्मनीत सलग पाच वर्षं झालेल्या, डुल्डुंगवर असलेल्या माणसांना अठरा महिन्यांचा परवाना, संधी म्हणून. त्या अठरा महिन्यांत भाषा, कमाई आणि ओळख, तिन्ही सिद्ध करायचं. जमलं तर पुढचा परवाना, नाही तर पुन्हा डुल्डुंग. पाचहून जास्त वर्षं असं लटकलेले सुमारे १ लाख ३७ हजार लोक तेव्हा देशात होते. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की ‘ओळख न पटलेली’ म्हणून काढलेली वर्षंही यात धरली जाणार होती. लूपला पहिल्यांदाच बाहेरची वाट मिळाली. अर्ज जानेवारीत भरला. शाळेचे दाखले, वसतिगृहाची पत्रं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आठ वर्षं इथेच होतो याचा महिन्यागणिक पुरावा. प्लॅस्टिकच्या पिशवीतून आम्ही ते सगळं जमिनीवर मांडलं, आणि तिनं एकही कागद हरवलेला नव्हता. आठ वर्षांत एकही नाही.

मामीचा अर्ज भरताच आला नाही. ती आली फेब्रुवारी २०१८मध्ये. चार महिने उशीर.

मे २०२३मध्ये परवाने आले. नवरा आठवड्याभरात एका बेकरीत रात्रपाळीला लागला, ही हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात. आमच्या गणपतीच्या कार्यक्रमात एकदा मोदक खाताखाता एकजण म्हणाले होते, ‘आपण टॅक्स भरतो, ही माणसं बसून खातात.’ तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता देते. त्यांच्या कागदावर काम करण्यास मनाई असं छापलेलं होतं. तो शब्द काढला त्याच्या आठव्या दिवशी तो माणूस पहाटे तीनला कणीक मळत होता.

सगळ्यात जीव घेतला तो पासपोर्टांनी. हिचा जन्म १९९१चा, नोंद झालेली; पण कोसोवोतल्या जन्म-मृत्यूच्या वह्या १९९९मध्ये सर्बियात नेल्या गेल्या, आणि २०११च्या समझोत्यानंतर त्यांच्या प्रती परत आल्या. त्या प्रतींत तिचं नाव सापडायला पाच महिने लागले, आणि सापडलं ते आडनावातलं एक अक्षर बदलून. मग ते अक्षर म्हणजे तीच, याचं प्रमाणपत्र. नवऱ्याचं त्याहून अवघड. तो घरात जन्मला, नोंदच नाही. वकिलातीत आम्ही सहा हेलपाटे घातले, प्रत्येकाला नव्वद किलोमीटर. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या माणसानं विचारलं, तुम्ही कोसोवोचेच कशावरून? नवरा काही बोलला नाही. रात्रपाळी करून तसाच आला होता, भुवयांना पीठ होतं. शेवटी तिकडच्या एका मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेनं उशिराच्या नोंदणीचा अर्ज चालवला. महालेतले दोन म्हातारे शेजारी साक्षीला उभे राहिले. ज्यांची घरं त्याच्या घराबरोबर जळाली, तेच आता तो कुठला याचा पुरावा. तेहेतिसाव्या वर्षी त्याचा जन्माचा दाखला निघाला. तो त्यानं बेकरीतल्या सगळ्यांना दाखवला.

इथल्या जीवनाबद्दलची परीक्षा असते, तेहेतीस प्रश्नांची. प्रश्न आधीच जाहीर असतात, पाठ करता येतात. ती बसमधून, स्वयंपाकघरात बटाटे सोलताना, फोनवर सराव करायची. एका रविवारी मी विचारत होते, ती उत्तरं देत होती. नाझींची सत्ता कधी होती? “१९३३ ते १९४५,” ती लगेच म्हणाली. कोपऱ्यात मामी मिरच्या निवडत होती. तिनं काय विचारलं म्हणून पाहिलं, हिनं रोमानीत सांगितलं. मामी मूळची क्रागुयेवाट्सची, सर्बियातली. तिच्या वडिलांच्या थोरल्या भावाला ऑक्टोबर १९४१मध्ये तिथे जर्मन सैन्यानं ओलिसांबरोबर गोळ्या घातल्या. एका मेलेल्या जर्मन सैनिकामागे शंभर, असा हिशोब होता. तो बाजारात बादल्या विकायला गेला होता. मामीनं हे मिरच्यांवरून नजर न उचलता सांगितलं. मग विचारलं, “हे पण विचारतात का परीक्षेत?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी पुढचा प्रश्न घेतला.

ऑक्टोबर २०२४मध्ये पुढच्या परवान्याचा अर्ज दिला: दोन पगारपत्रकं, भाषेचे दाखले, परीक्षेचा निकाल, कोरे करकरीत पासपोर्ट. तीन महिने काहीच कळलं नाही. नवरा पोस्टाच्या पेटीकडे दिवसातून चारदा जायचा. फेब्रुवारीत बोलावणं आलं. दार तेच, खुर्च्या त्याच. पण त्या दिवशी टेबलापलीकडे एक तरुण मुलगी होती. कार्डं देताना ती उठून उभी राहिली. एवढंच केलं तिनं. कार्डं दोन वर्षांची आहेत, पुढे पुन्हा नूतनीकरण. हिनं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, कुठे रेघ आहे का ते. मग मला विचारलं, “ताई, आता माझ्यावर काय लिहिलंय?” मी वाचून दाखवलं. वास्तव्याचा परवाना. काम करण्यास मुभा. तिनं ते दोनदा म्हणायला लावलं.

संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला होते. पुरणपोळ्या मी घरून करून नेल्या होत्या. त्यांच्याकडे भाकरीला ‘मारो’ म्हणतात, आपल्या मांड्याचं भावंड. मामीनं पोळी तव्यावर पुन्हा गरम केली, कारण थंड भाकरी पाहुण्याला देत नाहीत. थोरली आता चौदा वर्षांची, कचेरीत दुभाषी म्हणून जायचं थांबून तिला तीन वर्षं झाली. ती शाळेतर्फे एका दंतवैद्याकडे दोन आठवड्यांचं प्रशिक्षण करून आली होती आणि भावाच्या दातांकडे बोट दाखवून सगळ्यांना कायकाय समजावत होती.

निघताना मी दाराशी बूट घालायला वाकले. निळी बॅग तिथेच होती, पण खाली बसलेली, अर्धी रिकामी. मी वर पाहिलं तर तिनं नजर चुकवली आणि चेन ओढून दाखवली. मुलांचे कपडे काढले होते, तिचे आणि नवऱ्याचेही. आत मामीची दोन पोलकी, एक जाड स्वेटर, गोळ्यांचा डबा आणि लोकरीचे मोजे होते.

अठरा महिन्यांच्या संधीचा तो कायदा ३१ डिसेंबर २०२५पर्यंतचाच, आणि त्यात ऑक्टोबर २०२२ची तारीख कुणी बदललेली नाही. वकीलबाई दुसरी वाट शोधतायत, वय आणि दोन्ही गुडघे पुढे करून. मामीचा कागद पुढच्या महिन्यात चौदा तारखेला संपतो. मी त्या दिवशीची रजा टाकली आहे. सव्वासातला रांगेत असायला हवं.